पैठणच्या गल्लीत, उन्हाच्या बाजूनं

ठरलं ते मावशीच्या स्वयंपाकघरात. भाकरी तव्यावर होती आणि वर्षाताई एकदम म्हणाली, "पैठणला मी एकटी जाणार."

मावशी भाकरी उलटायची विसरली. करपली ती.

वर्षाताई माझी मावसबहीण. आधी आमच्या शहरात गुलमंडीवर साड्यांच्या दुकानात होती, पदर उलगडून गिऱ्हाईक पटवण्यात एक नंबर. मग डोळ्यांचा आजार झाला, दिसणं कमी कमी होत गेलं, आणि आता तिला उजेड-अंधारही कळत नाही. पैठणला ओळखीच्या एक काकू आहेत, त्यांचे पैठणीचे हातमाग आहेत. फोनवर ऑर्डर घ्यायला, गिऱ्हाइकांशी बोलायला त्यांना माणूस हवा होता. त्यांनी ताईला विचारलं, पण स्पष्ट सांगितलं: स्टँडवर रोज घ्यायला यायला आमच्याकडं कुणी नाही. यायचं तर तुझं तू यायचं.

आणि या सगळ्यात मी का? कारण ताईला "तू एकटी जाऊ शकतेस" असं सांगणारी शहाणी मीच होते. मी सई, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी एक टोपी बनवली होती. टोपीवर छोटी अँटेना, खिशात रिसीव्हर, दोन्ही मनगटांवर मोबाईलमधल्यासारखी थरथरणारी मोटर. डावं मनगट थरथरलं की डावीकडं वळ, उजवं थरथरलं की उजवीकडं. दोन्ही एकदम, लांब थरथरली, तर यंत्राला स्वतःचाच भरवसा राहिलेला नाही. तेव्हा थांब.

"थरथरलं की थांब," हा नियम मीच बनवला होता. मला तो लई सेफ वाटत होता.

मावशीनं दुसरी भाकरी थापता थापता अट घातली. "मी आन् सई मागून येऊ. स्टँडपासून मागापर्यंत ती एकटी चालंल. आमच्यातलं कुणी एक शब्द जरी बोललं, तर विषय संपला. परत पैठणचं नाव काढायचं नाय."

"कबूल," ताई म्हणाली.

मला कुणी विचारलंच नाही.

वेरूळ: आधी ट्रायल

पैठणच्या आधी एक ट्रायल पाहिजे म्हणून रविवारी मी आणि ताई वेरूळला गेलो. मध्यवर्ती बसस्थानकातून एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. तुम्ही जाणार असाल तर मंगळवार टाळा, लेणी बंद असतात. आणि मार्च लागला की सकाळीच जा. आम्ही नाही गेलो सकाळी. माझी बॅटरी चार्ज व्हायची होती. पोचलो तेव्हा दगड तापायला लागले होते.

बाहेरच्या मोकळ्या मैदानात टोपी मस्त चालली. मी आधी एकदा चालून यंत्रात एक रस्ता टिपून दिला, ताई पांढरी काठी टेकवत त्यावरून बरोबर गेली आणि आली. दोन शाळकरी पोरं मागं मागं फिरत होती. एकानं विचारलं, "दीदी, रोबोट है क्या?" ताई म्हणाली, "हाँ, और भूका है."

मग कैलास लेण्यात शिरलो. हे देऊळ डोंगर वरून खाली खोदून काढलंय, त्यामुळं अंगणात उभं राहिलं की चहूबाजूंनी उंच कडे आणि वर आभाळाचा एक तुकडा. मी हत्तीच्या शिल्पाकडं तोंड वासून बघत होते. ताईनं हत्तीच्या पायावर तळवा ठेवला होता. आणि तिची दोन्ही मनगटं थरथरायला लागली.

"सये, बंद पडलं का गं?"

"बंद नाही. तो दिसत नाहीये."

"कोण तो?"

मग तिथंच कड्याला टेकून मी तिला सांगितलं, ते तुम्हालाही सांगते, कारण पुढं सगळं त्यावरच अडलं. मोबाईलमध्ये जागा कळते ती वर फिरणाऱ्या उपग्रहांमुळं. पण त्यांचा सिग्नल वातावरणाच्या वरच्या थरातून येताना थोडा उशीर करतो, आणि मग यंत्र तुम्हाला काही मीटर बाजूला दाखवतं. हायवेवर चालतं, बोळात नाही चालत. म्हणून देशभर काही जमिनीवरची केंद्रं ठेवली आहेत. ती कुठं आहेत हे पक्कं माहीत आहे, त्यामुळं सिग्नल किती चुकतोय ते त्यांना कळतं. ती चूक हिशेब करून वर पाठवतात, एका वेगळ्या उपग्रहाकडं, आणि तो सगळ्या देशावर ती दुरुस्ती सांगत राहतो. आपल्याकडच्या या व्यवस्थेचं नाव गगन. खरं तर विमानांसाठी बनवली, पण साधा स्वस्त रिसीव्हरही ती ऐकू शकतो.

"आणि हा वेगळा उपग्रह हलत नाही," मी म्हणाले. "म्हणजे फिरतो, पण पृथ्वीच्याच वेगानं. त्यामुळं आपल्याला तो कायम आभाळात एकाच जागी. गच्चीवरच्या डिश बघ ना, सगळ्यांची तोंडं दक्षिणेकडंच असतात. तसाच हा."

"नेमका कुठं?"

आम्ही बाहेर मैदानात आलो. थरथर थांबली. मी तिचा हात धरून दक्षिणेकडं वळवला, जरासा पूर्वेला, आणि बराच वर उचलला. तिनं बोट तसंच धरून ठेवलं.

"इकडून तर ऊन लागतंय मला."

"हो, योगायोग. या दिवसांत दुपारी सूर्य साधारण तिथंच येतो."

"असं," ती म्हणाली, आणि बोट अजून थोडा वेळ तसंच ठेवलं. मी पाण्याची बाटली शोधत होते. मला ती गोष्ट फार महत्त्वाची वाटली नाही. खरंच नाही.

पैठणचा रस्ता

बुधवार ठरला. त्याआधी मी एकटी पैठणला जाऊन रस्ता यंत्रात टिपून आले होते, पहाटेच्या गाडीनं, गारव्यात. तीच टोपी घालून स्टँडपासून काकूंच्या मागापर्यंत चालले. गल्ल्या रिकाम्या होत्या, मी मधोमध चालले, थरथर एकदाही नाही. वळणं पक्की झाली.

एकच जागा मला आवडली नव्हती. बाजार संपला की एक लांब गल्ली सरळ पश्चिमेला जाते. तिच्या टोकाकडं डाव्या हाताला दोन बोळ आहेत, अगदी शेजारी शेजारी. दुसरा बोळ काकूंच्या मागाकडं जातो. पहिला जातो गोदावरीवर. म्हणजे थोडा सपाट, मग उतार, मग घाटाच्या झिजलेल्या पायऱ्या. काठीला पायरी कळते, हो. पण उतारावर मोटरसायकली उभ्या असतात, म्हशी येतात, आणि पायऱ्यांना कठडा नाही. दुरुस्तीशिवाय यंत्र हे दोन बोळ वेगळे ओळखूच शकत नाही.

हे मी मावशीला सांगितलं नव्हतं. ताईला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग तुझा तो न हलणारा भाऊ हलू देऊ नको म्हणजे झालं."

बुधवारी सकाळची गाडी पकडली. मावशीनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक भलीमोठी पाण्याची बाटली घेतली होती, जणू आम्ही काशीला निघालोय. कंडक्टर तिकीट फाडता फाडता ताईकडं बघत राहिला.

"ताई, टोपीवर काय बसवलंय?"

"कान आहे," ताई म्हणाली. "वरचं ऐकू येतं."

"मग साहेबांचं काही ऐकू आलं तर सांगा, आमच्या पगारवाढीचं काय झालं."

सगळी गाडी हसली. मावशी सोडून. ती खिडकीबाहेर चितेगावच्या कंपन्यांच्या शेडकडं बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणत होती मला माहीत आहे. ताई घराबाहेर पडली की दारातून ती एकच वाक्य म्हणते, लहानपणापासून: सावली धरून जा गं. गुलमंडीवर नोकरीला जाताना, दवाखान्यात जाताना, कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जाताना. आपल्याकडं उन्हात जाणाऱ्याला असंच सांगतात सगळे.

बिडकीनच्या अलीकडं रस्त्याचं काम होतं, एकच बाजू चालू. धुळीत आमची गाडी जी उभी राहिली ती राहिलीच. (तुम्ही जाल तेव्हा हातात भरपूर वेळ ठेवा, आणि तोंडाला बांधायला रुमाल.) ढोरकीन येईपर्यंत दशम्या संपल्या होत्या. मी दर थोड्या वेळानं रिसीव्हरचा दिवा बघत होते. ताई म्हणाली, "सये, तुझा पाय माझ्या सीटला लागतोय. शिवणयंत्र चालवतेस का?"

पैठणला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. डोक्यावर ऊन रटरटत होतं. मावशीनं ताईच्या पदराची पिन नीट केली, टोपी सरळ केली, आणि स्वतःच्या तोंडावर पदर धरला. म्हणजे आता बोलणं बंद.

ताई निघाली.

गल्ली

बाजारातून ती मस्त गेली. मोसंबीच्या ज्यूसच्या गाड्यापाशी उजवं मनगट थरथरलं असणार, कारण ती बरोबर वळली. मावशीनं माझा दंड धरला होता आणि तिची नखं रुतत होती. आम्ही वीसेक पावलं मागं. एक सायकल तिला घासून गेली, मावशीच्या घशातून आवाज आला, पण शब्द नाही आला.

मग ती लांब गल्ली लागली. आणि मला पहिल्यांदा दिसलं की दुपारी ही गल्ली वेगळी असते.

पहाटे ती सगळी करडी होती. आता तिचे दोन भाग झाले होते. उजवी बाजू पांढरी, भाजणारी. डावी बाजू सावलीत, कारण तिकडं दोन मजली घरं आणि पुढं काढलेले पत्रे. आणि सगळं गाव डाव्या बाजूनं चालत होतं. शाळेतून येणारी पोरं, पिशव्या घेतलेल्या बायका, एक बकरी सुद्धा. ओट्यावर लोक बसलेले. उन्हाच्या बाजूला कुणीही नव्हतं.

ताईनं गालावर ऊन लागल्यावर जे तीस वर्षं केलं तेच केलं. ती डावीकडं सरकली. सावली धरून चालायला लागली.

मावशीची पकड जरा सैल झाली. तिला बरं वाटलं. मला मात्र घाम फुटला. गल्ली पश्चिमेला जाते, म्हणजे डावी बाजू दक्षिण. सूर्य दक्षिणेला आहे म्हणून तर तिकडं सावली आहे. आणि तोही दक्षिणेलाच आहे, तेवढाच वर. ज्या भिंतीनं ऊन अडवलं होतं, त्याच भिंतीनं उपग्रहही अडवला होता.

थोडा वेळ रिसीव्हर आधी ऐकलेल्या दुरुस्तीवर चालतो. मग ती शिळी होते. ताई बरीच पुढं गेली, अगदी पहिल्या बोळाच्या अलीकडं, घाटाच्या बोळाच्या. आणि थांबली. दोन्ही मनगटं तिनं छातीशी धरली. लांब थरथर.

थरथरलं की थांब. माझाच नियम.

ती थांबली आणि वाट बघायला लागली. बाकीचे उपग्रह फिरतात, थोडं थांबलं तर एखादा वर येतो, म्हणून मी तो नियम केला होता. पण हा फिरत नाही. वेरूळला मीच तिला तोंड वर करून शिकवलं होतं की तो हलत नाही, आणि तरी नियमात लिहिलं "थांब". ती संध्याकाळपर्यंत उभी राहिली असती तरी तो त्या पत्र्यामागून बाहेर आला नसता.

मला ओरडावंसं वाटत होतं. चार शब्द. ताई, उजवीकडं सरक, उन्हात. मी तोंड उघडलं आणि मावशीनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं काहीतरी बिघडलंय. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मी बोलावं म्हणून ती वाट बघत होती. मी बोलले असते तर सगळं संपलं असतं आणि आम्ही तिघी सुखरूप घरी गेलो असतो. खरं सांगते, मी बोलणारच होते.

तेवढ्यात ओट्यावरच्या एक आजी ताईला म्हणाल्या, "कुणाकडं जायचंय गं लेकी? सोडू का?"

"नाय आजी, माझी मी जाते."

"मग उभी का राहिलीस?"

"रस्ता हरवलाय जरा. सापडंल."

समोरच्या सायकलच्या दुकानातून एक चाचा उठले. "बेटी, हात दे. नदीपे जाना है ना?"

"नको चाचा. नदीवर नाही जायचं, तेवढं नक्की माहीत आहे."

चाचा हसले पण बसले नाहीत. एक मोटरसायकल हॉर्न वाजवत आली, ताई भिंतीला चिकटली, काठी पडली. चाचांनी उचलून तिच्या हातात दिली. ताई पुढं एक पाऊल टाकू बघत होती, मग मागं घेत होती. असं दोनदा झालं. पुढं बोळाचं तोंड होतं. मावशीचा श्वास मला ऐकू येत होता.

मग ताईनं मान वर केली. डावीकडं वळवली, भिंतीकडं. पुन्हा समोर. मग तिनं उजवा हात उचलला आणि डाव्या भिंतीच्या वर, पत्र्याकडं बोट केलं. वेरूळला केलं होतं तसंच. बोट पत्र्यावर होतं. ती हसली. मला बाजूनं दिसलं, ती हसली.

आणि ती काठी टेकवत गल्ली ओलांडून सरळ उन्हात गेली.

"अगं, उन्हात कुठं चाललीस!" आजी ओरडल्या. "इकडं सावली आहे, इकडं!"

"माहीत आहे आजी!"

"डोकं फिरंल की गं!"

उजव्या भिंतीला पाठ लावून ताई उभी राहिली. कपाळावर ऊन. डोळे उघडे, कारण मिटायचं कारण नव्हतं. तिच्या कपाळावरून घाम ओघळताना दिसत होता. रिसीव्हरला दुरुस्ती पुन्हा गोळा करायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी आयुष्यात नवस न केलेली मुलगी, चार देवांना बोलून बसले.

तिचे खांदे खाली आले. थरथर थांबली होती.

ती उन्हाच्या बाजूनं चालायला लागली, त्या बाजूला ती एकटीच. घाटाचा बोळ समोरून मागं गेला. दुसऱ्या बोळासमोर ती अडखळली, डावं मनगट चाचपलं, आणि गल्ली ओलांडून बरोबर आत गेली. तो बोळ दक्षिणेकडंच जातो, त्यामुळं समोरचं आभाळ मोकळं असतं. तिथं काही प्रश्न नव्हता. थोडं पुढं गेलं की मागांची खटखट ऐकू येते.

काकू दारात होत्या. "आलीस? कोण आलंय सोडायला?"

"कुणी नाही," ताई म्हणाली.

आम्ही बोळाच्या कोपऱ्यावर उभ्या होतो. मावशी मटकन पायरीवर बसली आणि मग तिनं तोंडावरचा पदर काढला. पहिला शब्द काय बोलली? "चटणी सांडली पिशवीत." मग रडली.

परत

काकूंनी चहा दिला, मागावरची अर्धी साडी दाखवली. तुम्ही पैठणला गेलात तर साडी घ्यायची नसली तरी एखाद्या मागावर बसून बघा, लोक प्रेमानं दाखवतात. धरणावरही जाऊन या. आम्ही गेलो नाही.

परतीच्या गाडीत मी ताईला सॉरी म्हणाले. नियम चुकीचा होता, मी बदलणार. थरथरलं की थांब नाही, थरथरलं की उन्हात सरक.

"एवढं लांबलचक मनगटाला कसं सांगशील?"

"तू शोधलंस कसं?"

"तिथं उभं राहून कंटाळा आला. म्हटलं, हा तर हलत नाही, मग मी तरी हलते. मग आठवलं, त्या दिवशी माझ्या बोटावर ऊन होतं. आन् इथं तर गारच आहे."

मावशी मधल्या सीटवरून म्हणाली, "आन् पावसाळ्यात? ऊनच नसलं तर?"

याचं उत्तर माझ्याकडं आहे, पण ते निम्मंच आहे. ही खूण थोडे दिवसच चालेल. मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर येईल, पावसाळ्यात दिसणारच नाही. उपग्रह मात्र तिथंच असेल, त्याच भिंतीच्या वर. शिवाय कुणी त्या गल्लीवर उद्या मांडव घातला तर? ट्रक आडवा लागला तर? मी हे सगळं मावशीला सांगितलं, या वेळी काही लपवलं नाही, घाटाचा बोळ सुद्धा.

बिडकीन गेलं, चितेगाव गेलं. ताई म्हणाली, "तोवर उजव्या भिंतीची सवय होईल, आई." मावशीनं पिशवी मांडीवर घेतली आणि सांडलेली चटणी गोळा करायला लागली.

आता घरी बसून हे लिहितेय. इतके दिवस मला वाटायचं, मी ताईला रस्ता दाखवणारं काहीतरी बनवलंय. आता दुपारी मी बाहेर पडले की सावलीकडं सरकताना पाय अडखळतो, आणि मी वर बघते. दिसत काहीच नाही. पण तो कुठं आहे ते आता कपाळाला कळतं.

सोमवारी ताईचा पहिला दिवस होता. मी बॅटरी द्यायला सकाळी मावशीकडं गेले होते. ताईनं टोपी घातली, काठी उघडली, चपला पायानंच शोधल्या. मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. भाकरी थापल्याचा आवाज येत होता. ताई उंबऱ्याबाहेर गेली, फाटकाची कडी वाजली, आणि मला वाटलं, आज ती काहीच बोलणार नाही.

थापणं थांबलं.

"वर्षे," आतून आवाज आला, "पैठणला उतरलीस की ऊन धरून जा गं."